पट्टा उतरला, तुटला की घसरला?

तो पाना खाली ठेव. चहा सांगू नकोस, मी चहा प्यायला आलेलो नाही. दार ओढून घे, म्हणजे रस्त्यावरच्या गिऱ्हाईकांना ऐकू जाणार नाही. एवढी तुझी अब्रू मी राखतो. बाकी आज काही राखणार नाही.

या पिशवीत काय आहे ते बाहेर काढून बघ. सतरा दिवसांपूर्वी हा पट्टा तू नव्या खोक्यातून काढून त्या जीपवर चढवलास. आज सकाळी पासलीच्या खिंडीत मी तो चिखलातून उचलला. हो, मीच. पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी मी बसलो होतो. मागे नऊ माणसं होती. त्यांत लावणीला निघालेल्या चार बाया होत्या आणि दवाखान्यात न्यायची एक म्हातारी होती. तुझी आजी त्या वयाची आहे. आठवतं ना?

पहाटेपासून पावसाची झड लागलेली, तोरण्याचा माथा ढगात बुडालेला, डोंगरातून वाहून आलेली माती रस्त्यावर पसरलेली. समोरून मढे घाटाकडे निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या एकामागून एक येत होत्या. चढ संपून उतार लागला आणि दुसऱ्या वळणावर बॅटरीचा लाल दिवा पेटला. ड्रायव्हर म्हणाला, "बेल्ट गेला वाटतं, खाली उतरल्यावर बघू." त्याने ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. पुन्हा दाबला, पुन्हा झाली. तिसऱ्यांदा दाबला तर पेडल दगडासारखं. दोन्ही पाय देऊन तो पेडलवर उभा राहिला. मी हँडब्रेक ओढला, त्याने तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. उजवीकडे दरी होती. स्टीअरिंगचा पंप वेगळ्या पट्ट्यावर आहे म्हणून ती वळली तरी. कुणाला खरचटलंही नाही. पण ते तुझ्या कामामुळे झालं असं समजू नकोस.

पेडल का दगड झालं? सांग. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचास, तुला येत होतं हे.

बरं, मी सांगतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा थ्रॉटलची झडप वाट अडवते, म्हणून आतल्या नळीत निर्वात तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला हवा मोकळी मिळते. तिथे असा निर्वात मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या पाठीवर, त्याच दांड्यावर बसवलेला असतो. या जीपमध्येही तसाच आहे. पट्टा उतरला की अल्टरनेटर थांबला आणि त्याच्याबरोबर पंपही थांबला. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा पेडल दाबलं की संपतो. मग ब्रेक लागतो, पण माणसाच्या नुसत्या पायाच्या जोरावर. सपाट रस्त्यावर तेवढा पुरेल. भरलेली जीप पावसात खिंड उतरत असेल तर पुरत नाही. तो लाल दिवा बॅटरीचा आहे असं ड्रायव्हरला वाटलं, कारण त्यावर बॅटरीचं चित्र आहे. हा दिवा लागला तर ब्रेक जाऊ शकतो, हे त्याला सांगायचं काम कुणाचं होतं? ज्याने पट्टा बसवला त्याचं.

आता तुझी बिलाची वही इकडे दे.

वैशाखातली नोंद: "बेल्ट गेला, बदलला." मिरग संपता संपता, म्हणजे सतरा दिवसांपूर्वी: "बेल्ट गेला, बदलला, टाइट केला." दोन्ही वेळा एकच वाक्य. गेला म्हणजे काय झालं? आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळी क्रियापदं आहेत आणि ती उगाच नाहीत. पट्टा तुटला, म्हणजे त्याच्या आतले दोरे तुटले. पट्टा घसरला, म्हणजे तो जागेवरच आहे पण पुली त्याच्याखाली नुसती फिरते, पकड नाही. पट्टा उतरला, म्हणजे अख्खा आहे पण बाजूला सरकत पुलीवरून खाली आला. तिन्हींची कारणं वेगळी, तपासणी वेगळी आणि उपाय वेगळा. आणि तू तिन्हींच्या जागी "गेला" लिहितोस. पेशंट गेला एवढंच लिहिणाऱ्या डॉक्टरकडे तू तुझ्या आजीला नेशील का?

पहिला पट्टा तुटला होता, असं ड्रायव्हर सांगतो. जुना होता, भेगा पडल्या होत्या. ठीक आहे, त्याचं आयुष्य संपलं, त्यात तुझा दोष नाही. दुसरा मात्र उतरला. आणि हा तिसराही उतरला. तुटला आणि उतरला यांत फरक आहे हे तुला दिसलं असतं, तर दुसऱ्याच वेळी तू थांबला असतास. दुसरा पट्टा कुठे आहे? भंगारात टाकला? मला वाटलंच होतं. उतरलेला पट्टा फेकायचा नसतो रे. काय झालं ते सांगणारी गाडीतली तेवढी एकच वस्तू असते आणि तू ती किलोच्या भावाने देऊन टाकलीस.

हा हातात घे. उजेडात ये. आता मला वाचून दाखव.

पाठीवर काय छापलंय? सहा पीके आणि पुढे लांबीचा आकडा. सहा म्हणजे सहा धारा, पीके म्हणजे धारेचा मोटारींसाठीचा ठरलेला आकार, दोन धारांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटरच्या जरा वर, आणि पुढचा आकडा मिलिमीटरमधली लांबी. जुन्या पट्ट्यावर हेच होतं का, हे तू ताडून पाहिलंस का? पाहिलंस. बरं, एक काम केलंस.

आता पोटाची बाजू बघ. आडव्या भेगा आहेत? नाहीत. असायचंही कारण नाही, पट्टा सतरा दिवसांचा आहे. आणि लक्षात ठेव, भेगा बघून वय ठरवायचे दिवसही मागे पडले. पूर्वीचे निओप्रीनचे पट्टे म्हातारे झाले की तडकायचे. आता ईपीडीएम रबराचे येतात, ते सहसा तडकत नाहीत. टायर झिजतो तसे गुपचूप झिजतात आणि खाचा खोल होत जातात. त्यासाठी मापायची छोटी पट्टी मिळते. ती तुझ्याकडे नाही. उद्या आणशील.

तेल लागलंय का? वास घे. नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकलंय का? आतलं सील गेलं की ते कळावं म्हणून ते भोक ठेवलेलं असतं. मी तिथेच रस्त्यावर बोट घालून पाहिलं, कोरडं आहे. पोट चकाकतंय का, काचेसारखं? नाही. म्हणजे पट्टा घसरत नव्हता. मग तू तो टाइट कशासाठी केलास?

आता कडा. इंजिनाकडची कड बघ, कशी पिंजली आहे. दोरे बाहेर लोंबताहेत आणि त्या बाजूची शेवटची धार कुरतडून निघाली आहे. बाहेरची कड मात्र जशी खोक्यातून निघाली तशीच स्वच्छ आहे. पट्टा एकाच बाजूला पुलीच्या काठावर घासत होता. एकाच बाजूला! म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. कुठली तरी एक पुली तिरकी आहे किंवा आत-बाहेर बसली आहे. हे समजायला मशीन लागत नाही, लॅपटॉप लागत नाही. नुसते डोळे लागतात. आणि दुसऱ्या पट्ट्यावरही हेच लिहिलेलं असणार होतं.

आमच्या गावच्या गिरणीवाल्याला हे कळायचं. तो चौथी शिकलेला होता. किर्लोस्कर इंजिनावर जातं चालायचं आणि मधे रुंद सपाट पट्टा. दसऱ्याच्या आधी दळणाची रांग लागलेली असताना पट्टा उतरला, तर लोक ओरडायचे, "चढव लवकर." तो चढवत नसे. आधी बघायचा, कुठल्या बाजूला पडला. मग दोरी घ्यायचा, इंजिनाच्या चाकाच्या तोंडावर एक टोक धरायला लावायचा आणि जात्याच्या चाकाच्या तोंडापर्यंत ताणायचा. दोरी चारही ठिकाणी टेकली तर चाकं सरळ. एखाद्या ठिकाणी फट दिसली की इंजिनाच्या पायाचे बोल्ट तपासायचा, कारण इंजिन थरथरून हलतं हे त्याला माहीत होतं. त्याच्या चाकाला तर सवलत होती. सपाट पट्ट्याचं चाक मधे किंचित फुगीर करतात. पट्टा नेहमी उंचवट्याकडे चढत जातो आणि आपोआप मधे येतो, थोडं वाकडेपण त्यात खपतं. तुझ्या या धारांच्या पट्ट्याला ती सवलत नाही. धार खाचेत बसली तर बसली. वाकडेपण आलं की ती खाचेच्या भिंतीवर चढते, मग शेजारच्या खाचेत पडते आणि एक धार पुलीबाहेर लोंबते. पुढचा खड्डा लागला की सगळं संपतं.

काय म्हणालास? पट्टी लावून पाहिली होती, सरळ होती?

हे ऐकायला मला बरं वाटलं. खोटं बोलत नाहीस ना? मग नीट सांग. पट्टा चढवायच्या आधी लावलीस की चढवून ताणल्यावर?

आधी.

इथेच चूक आहे. आता माझ्याबरोबर चल, जीप बाहेर आहे, ट्रॅक्टरने ओढून आणली आहे. बॉनेट उघड. अल्टरनेटर दोन्ही हातांनी धर आणि हलव. जोरात हलव.

ऐकलंस? खट्‌ खट्‌. खालचा लांब बोल्ट हाताने फिरतोय. फिरव, पाना नको, बोटांनीच फिरव.

या गाडीला आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही. वरच्या चिरेच्या पट्टीत एक बोल्ट आहे, त्यावर अल्टरनेटर सरकवून ताण द्यायचा. आणि खाली हा लांब बोल्ट, ज्याभोवती तो बिजागरीसारखा फिरतो. पट्टा बदलताना दोन्ही ढिले करायचे आणि दोन्ही आवळायचे. वैशाखात तू पहिल्यांदा पट्टा बदललास तेव्हा दोन्ही ढिले केलेस. वरचा समोर होता, तो आवळलास. खालच्याला हात पोचत नाही, गाडीखाली जावं लागतं, म्हणून तो राहिला. तेव्हापासून हा अल्टरनेटर एका वरच्या बोल्टावर लटकतो आहे. पट्टा नसताना तो आपल्या वजनाने सरळ लोंबतो, म्हणून तुझ्या पट्टीला सरळ दिसला. पट्टा ताणला की पुलीचं टोक क्रँकच्या दिशेने ओढलं जातं आणि सगळं धूड तिरकं होतं. टॉर्च धर. या ॲल्युमिनिअमच्या कानाचं भोक बघ. गोल असायला हवं होतं. लांबट झालंय, खाऊन गेलंय. दीड महिना बोल्ट त्यात आपटतो आहे.

आता वहीतल्या तारखा पुन्हा बघ. दुसरा पट्टा किती दिवस टिकला? एकतीस. तिसरा? सतरा. दोघांच्या मधे तू काय केलंस? ताण वाढवलास. पट्टा उतरतोय म्हणजे ढिला असेल, असं तुला वाटलं. ताण वाढला तसा अल्टरनेटर अधिक तिरका झाला आणि पट्टा जवळजवळ निम्म्या दिवसांत उतरला. वहीत सगळं लिहिलेलं आहे, तुझ्याच अक्षरात. उपायाने दुखणं वाढलं, तर निदान चुकलं असं धरून मागे फिरायचं असतं. तू पुढे गेलास.

आणि फुकट गेलास असंही नाही. ही अल्टरनेटरची पुली हाताने फिरव. घरघर ऐकू येते? हे बेअरिंग त्या जास्तीच्या ताणाने खाल्लंय. वॉटर पंपाचं बेअरिंगही काढून बघायचं आहे. ताण किती हवा ते अंगठ्याच्या अंदाजाने आणि मनगटाच्या ताकदीने ठरत नाही. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब टप्प्यात दाबून पट्टा किती लवतो, त्याचा आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो. साधारण दहा किलोच्या दाबाला सेंटिमीटरभर, असं आपण धरतो. पण पुस्तकातला आकडा हाच खरा. नवा पट्टा थोडा चालवून पुन्हा मोजायचा, कारण तो बसतो आणि सैल पडतो. ड्रायव्हरला दोन दिवसांनी परत बोलावलं होतंस? नाही.

त्याने तर तुला आणखी एक खूण सांगितली होती. सकाळी गाडी चालू केली की चिमणीसारखी चिवचिव येते, असं तो म्हणाला होता. तू काय केलंस? साबणाची वडी घासलीस. आवाज दोन दिवस बंद. अरे, तो आवाज तुला हाक मारत होता! बाटलीतून थोडं पाणी धारांवर शिंपडायचं. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या रेषेत नाहीत. उलट आवाज वाढून किंचाळी झाली तर ताण कमी आहे, पट्टा घसरतोय. एक बाटली पाणी, खर्च शून्य. दुसऱ्या वर्षाला, जुलैमध्ये, शेडमध्ये, गळक्या पत्र्याखाली मी तुम्हा सगळ्यांना हे करून दाखवलं होतं. तू बाटली धरली होतीस.

मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. अजून संपलेलं नाही. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर कुठे आहे? दाराच्या मागे उभं केलेलं मी आत येतानाच पाहिलं. क्लिपा तुटल्या म्हणून लावलं नाहीस. शहरातल्या गाडीला हे कदाचित निभेल. ही गाडी केळद, पासली, वेल्हे अशी दिवसातून चार फेऱ्या मारते. रस्त्यावर चार महिने पाणी, मुरूम आणि खडी. पुढचं चाक ते सगळं उडवतं आणि ते थेट क्रँक पुलीवर जातं. त्या पुलीच्या खाचेत मी एक खडा बघितला, हरभऱ्याएवढा. पट्ट्याला उतरायला एवढा खडाही पुरतो. तिरका अल्टरनेटर, ओला पट्टा, खाचेत खडा. तिन्ही गोष्टी तुझ्या हातून सुटलेल्या.

तुला कामाचा कंटाळा नाही, हे मला ठाऊक आहे. रात्री अकराला पुलाखाली अडकलेल्या टेंपोला तू धावून गेलास, पैसे घेतले नाहीस, हेही लोक मला सांगतात. म्हणूनच मला राग जास्त आहे. हात असलेला पोरगा डोकं बाजूला ठेवून काम करतो, तेव्हा तो नुसत्या अडाण्यापेक्षा धोक्याचा असतो, कारण लोक त्याच्यावर विश्वास ठेवतात. त्या ड्रायव्हरने एकदाही विचारलं नाही की तिसऱ्यांदा का. "सरांचा पोरगा आहे, चांगला आहे," एवढंच म्हणाला. तुझ्या प्रॅक्टिकलच्या कागदावर माझी सही आहे. आज त्या गटारात उभा राहून मी तीच आठवत होतो.

आणि मोठ्या गाड्या येतील तेव्हा काय करशील? आता बहुतेक नव्या गाड्यांना स्प्रिंगचा टेन्शनर असतो. त्याचा हात इंजिन चालू असताना थरथरत असेल, तर आतलं दमन संपलेलं असतं. डिझेलच्या क्रँक पुलीत दोन लोखंडी कड्यांमध्ये रबराचा थर असतो, इंजिनाचे झटके गिळायला. तो रबर सुटला की बाहेरचं कडं हळूहळू पुढे सरकतं आणि वरवर बघता पुली ठणठणीत दिसते. काही अल्टरनेटरांच्या पुलीत एकाच दिशेला पकडणारा क्लच असतो, तो जाम झाला की पट्टा फडफडतो. हे सगळं तुला पुढे भेटणार आहे आणि प्रत्येकाची खूण पट्ट्यावर उमटलेली असणार आहे. ती वाचायची सवय या साध्या जीपवर लागली नाही, तर तिथे काय लागणार?

वॉशर घालून भोक भरायचा विचार तुझ्या डोक्यात आला, तुझे डोळे त्या डब्याकडे गेले. नाही. तो कान बदलायचा. अल्टरनेटरचा पुढचा ठोकळा मिळाला तर ठोकळा, नाही तर अख्खा अल्टरनेटर. बोल्ट नवा. बेअरिंग दोन्ही. खर्च तुझा. ड्रायव्हरकडून पट्ट्यांचे दोन वेळचे पैसे घेतलेस, दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे, ते आज संध्याकाळी त्याला परत द्यायचे आणि का देतो आहेस ते तोंडाने सांगायचं. बॅटरीचा दिवा लागला तर उतारावर काय करायचं तेही त्याला सांगायचं. पेडल पुन्हा पुन्हा दाबून साठा संपवायचा नाही, गिअर खाली आणायचा, हँडब्रेकवर हात ठेवायचा, गाडी डोंगराच्या बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं नाही.

वहीतली शेवटची ओळ खोड. त्याखाली लिही: पट्टा उतरला, आतली कड पिंजलेली, अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आवळलेला नव्हता, कानाचं भोक लांबट. कुणी आवळला नव्हता, तेही लिही. तुझं नाव.

हा पट्टा तिथे खिळ्याला टांग, दारातून आत येताना दिसेल असा. त्याला हात लावू द्यायचा नाही.

आता घोंगडी अंथर आणि खाली जा. टॉर्च मी धरतो. वरच्या बोल्टाला हात लावायचा नाही, आधी खालचा.